मोकळ्या वेळात चॅट सर्व्हर लिहायचाय? आधी बोगद्याचं बघा

प्रश्न असा होता: चार मित्र आहेत, चौघंही नोकरी करतात, शनिवार-रविवारी मिळून स्वतःचा ओपन सोर्स चॅट सर्व्हर लिहायचं त्यांच्या मनात आहे. प्रोग्रॅमिंगची भाषा गो घ्यावी की रस्ट? एक लाख लोक एकाच वेळी जोडले गेले तरी सर्व्हर तग धरेल अशी रचना कशी करावी? मदतीला माणसं कशी मिळवावीत? आणि हे सगळं व्हायला किती महिने लागतील?

मी गेली बारा-तेरा वर्षं अशाच एका सर्व्हरवर बिनपगारी काम करतोय. त्याचं नाव घेत नाही, कारण पुढे थोड्या घरच्या कागाळ्याही येणार आहेत. पोटापाण्याची नोकरी वेगळी; हे काम रात्री जेवणं उरकल्यावरचं. चारही प्रश्नांची उत्तरं देतो, पण तुमच्या क्रमाने नाही, कारण ज्यात खरा कस लागतो ते तुमच्या यादीत आलेलंच नाही. एकाकडून मेसेज घेऊन दुसऱ्याला देणं हे काम कुठल्याही भाषेत पन्नास ओळींत होतं. सर्व्हरचा उरलेला सगळा कोड 'दिला खरा, पण मिळाला का?' या एका शंकेपायी लिहिलेला असतो.

२०१४ च्या आसपासची गोष्ट. डोंबिवलीहून रोज मुंबईला जाणाऱ्या एका गृहस्थांची तक्रार आली: सकाळी ऑफिसला जाताना घरून आलेले काही मेसेज मिळतच नाहीत, संध्याकाळी परतताना मात्र सगळं सुरळीत. आम्ही लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, उघडले. सर्व्हरचं म्हणणं, पाठवले. फोनचं म्हणणं, आलेच नाहीत. आम्ही आधी अ‍ॅपला दोष दिला, मग फोनला, मग त्यांच्या सिमकार्डाला. तीन आठवडे असेच गेले. शेवटी उलगडा त्यांनीच केला: सकाळी ते फास्ट गाडी पकडत, संध्याकाळी बसायला मिळावं म्हणून स्लो. तेव्हा मध्य रेल्वेच्या फास्ट लोकल मुंब्रा आणि कळव्याच्या मधल्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. बोगदा सुमारे १३०० मीटरचा, गाडीला दीड मिनिट पुरे. तेवढ्या दीड मिनिटात आमचे मेसेज मरत होते.

कसे, ते नीट समजून घ्या. फोन बोगद्यात शिरताना सर्व्हरला 'येतो हं' असं सांगून जात नाही. नेटवर्क गेलं, एवढंच. सर्व्हरच्या बाजूला टीसीपी कनेक्शन, म्हणजे फोनशी असलेली इंटरनेटची जोडणी, जिवंतच दिसतं. लिनक्समध्ये कीप-अलाइव्ह, म्हणजे जोडणी जिवंत आहे का ते तपासणारी सोय, चालू केली तरी तिची पहिली चाचपणी, आकडा बदलला नाहीत तर, ७२०० सेकंदांनी होते, म्हणजे दोन तासांनी. तोवर डोंबिवलीकर ऑफिसात दुसरा चहा घेत असतो. मधल्या काळात घरून 'डबा विसरलात' असा मेसेज येतो. सर्व्हर तो त्या कनेक्शनवर लिहितो, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) म्हणतो 'घेतला', सर्व्हर खूश. पण हा 'घेतला' आपल्याच मशीनच्या कर्नलचा. पलीकडच्या फोनला अजून पत्ताच नाही. फोन बोगद्याबाहेर येऊन नवं कनेक्शन करतो आणि जुन्याच्या पोटात अडकलेला 'डबा विसरलात' कायमचा बुडतो.

एक्सएमपीपी या चॅटच्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे मेसेज कसे द्यायचे-घ्यायचे याच्या ठरलेल्या नियमांत, यावर एक जोड-नियम आहे, एक्सईपी-०१९८, म्हणजे स्ट्रीम मॅनेजमेंट. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखा प्रकार: दोन्ही बाजूंनी आल्या-गेल्या नगांचा आकडा ठेवायचा. सर्व्हर अधूनमधून विचारतो, किती मिळाले? फोन सांगतो, सत्तेचाळीस. मग सत्तेचाळीसपर्यंतचे सर्व्हर टाकून देतो, पुढचे धरून ठेवतो. कनेक्शन तुटून फोन परत आला की म्हणतो, 'मी मघाचाच, माझ्याकडे सत्तेचाळीस आहेत', आणि सर्व्हर अठ्ठेचाळीसपासून पुढे मोजून देतो. वाचायला थोडक्या पानांचं प्रकरण. बसवायला आम्हाला दोन पावसाळे लागले. फोन परत आलाच नाही तर धरून ठेवलेलं किती वेळ धरायचं? तेवढ्यात त्याच माणसाने लॅपटॉप उघडला तर ते लॅपटॉपला द्यायचं का? कंटाळून मेसेज ऑफलाइन साठ्यात टाकला आणि पुढच्याच क्षणी फोन उगवला, तर तो दोनदा जाईल की एकदाही नाही? एकदाही न जाण्यापेक्षा दोनदा गेलेला बरा, असं आम्ही ठरवलं. मग 'मेसेज डबल येतात' अशा तक्रारी सुरू झाल्या. प्रत्येक मेसेजला पक्का क्रमांक देऊन सर्व्हरवर संग्रह ठेवायला लागलो, तेव्हा कुठे त्या थांबल्या.

म्हणून पहिला सल्ला: स्वतःचा प्रोटोकॉल काढू नका. असल्या बोगद्यांचे नकाशे दुसऱ्यांनी वर्षानुवर्षं खपून काढून ठेवलेत. शिवाय प्रोटोकॉल तुमचा म्हणजे अँड्रॉइडचं अ‍ॅप तुमचं, आयफोनचं तुमचं, डेस्कटॉपचंही तुमचंच. चौघांत एकाला तरी आयफोनचं अ‍ॅप लिहिता येतं का, आणि अ‍ॅपलच्या डेव्हलपर खात्याचे वर्षाला ९९ डॉलर कोण भरणार, हे आधी विचारा.

तयार प्रोटोकॉल मुख्यतः तीन. आयआरसी सगळ्यांत जुना. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओयकारिनेन यांनी ऑगस्ट १९८८ मध्ये तो सुरू केला, आणि १९९३ मध्ये आरएफसी १४५९ या क्रमांकित दस्तऐवजात त्याचे नियम लिहिले गेले. साध्या मजकुराच्या ओळी ये-जा करतात. नेटाने बसलात तर दोन दिवसांत चालता सर्व्हर उभा राहतो आणि कुठलाही तयार क्लायंट, म्हणजे वापरणाऱ्याच्या बाजूचं अ‍ॅप, त्याला जोडून बघता येतो. हा सराव कराच, पुढचं काही केलं नाहीत तरी. दुसरा एक्सएमपीपी. जेरेमी मिलर यांनी जानेवारी १९९९ मध्ये 'जॅबर' जाहीर केलं, २००४ मध्ये इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने त्याचं मानक केलं आणि २०११ मध्ये आरएफसी ६१२० आणि ६१२१ अशी सुधारित रूपं आली. तिसरा मॅट्रिक्स, २०१४ चा. त्यात खोलीचा, म्हणजे चॅटच्या गटाचा, इतिहास म्हणजे एकमेकांना जोडलेल्या घटनांचं जाळं असतं, त्याची प्रत सहभागी असलेल्या प्रत्येक सर्व्हरकडे राहते, आणि प्रतींत फरक पडला की कोणी पंच नसताना सगळ्यांनी आपापला हिशेब करून एकाच उत्तरावर यावं लागतं. कल्पना देखणी आहे. चार जणांच्या शनिवार-रविवारात ती बसणार नाही. माझं मत एक्सएमपीपीला. मी त्यातलाच असल्यामुळे ते थोडं पक्षपाती धरा.

आणि एक कडू गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. एक्सएमपीपीचे तयार सर्व्हर आहेतच: एरलँग भाषेतला इजॅबर्डी २००२ पासून आहे, ल्युआ भाषेतला प्रॉसडी २००८ पासून. दोन्ही उत्तम, दोन्हींचा कोड खुला. व्हॉट्सअ‍ॅपनेसुद्धा सुरुवात इजॅबर्डीवरच केली होती, पुढे तो ओळखू येणार नाही इतका बदलला. तेव्हा 'जगाला आणखी एक सर्व्हर हवाय' हे कारण टिकणार नाही. 'आम्हाला लिहायचाय' हे टिकतं. मीही त्याच कारणाने यात पडलो. पण मग आधी दोन-तीन महिने प्रॉसडीसाठी एखादं छोटं मॉड्यूल, म्हणजे जोड-भाग, लिहून बघा. त्यातली कितीतरी मॉड्यूलं शंभर-दोनशे ओळींची आहेत, वाचायला सोपी आहेत, आणि दुसऱ्याच्या घरात वावरताना भिंती कुठे का घातल्यात ते कळतं. चौघांतल्या कोणाचा उत्साह त्यातच मावळला, तर स्वस्तात मावळला म्हणायचं.

गो की रस्ट? रात्री अकरा वाजता, दिवसभर ऑफिसचा कोड बघून डोळे चुरचुरत असताना, मित्राने लिहिलेला कोड ज्या भाषेत तुम्हाला कळेल ती भाषा. तिघांना गो येत असेल तर गो. रस्टमध्ये मेमरीच्या बऱ्याच चुका कंपायलरच पकडतो, गोमध्ये कनेक्शनमागे एक गोरूटीन (स्वतंत्र चालणारं हलकं काम) देऊन सरळ कोड लिहिता येतो, एरलँगमध्ये एका कनेक्शनची प्रोसेस कोसळली तरी शेजाऱ्याला धक्का लागत नाही. या वादाला एक शनिवार द्या, दोन नको.

आता एक लाख. एका मशीनवर दहा हजार कनेक्शन कशी पेलायची, हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये मांडला तेव्हा तो मोठा होता. २०१२ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने एका सर्व्हरवर वीस लाख कनेक्शन धरून दाखवली. गप्प बसलेलं कनेक्शन स्वस्त असतं. महाग पडते ती हजेरी. पाचशे जणांची एक खोली घ्या. कोणी आत आलं की बाकीच्यांना कळवायचं, आणि आलेल्याला आधीपासून असलेल्यांची यादी द्यायची. सर्व्हर रीस्टार्ट झाला आणि पाचशेच्या पाचशे परत आले, तर त्या एका खोलीपायी पाचशे गुणिले पाचशे, अडीच लाख निरोप निघतात, आणि अजून एकानेही 'नमस्कार' म्हटलेलं नसतं. त्यातून सगळे एकाच सेकंदाला परततात, कारण सगळ्यांची कनेक्शन एकाच सेकंदाला तुटलेली. प्रत्येकाचं टीएलएस (कनेक्शनला सांकेतिक कुलूप लावणं), प्रत्येकाच्या पासवर्डची तपासणी, सगळं एकदम दारात. आमचा सर्व्हर एकदा असा उठता-उठता चार वेळा बसला. शेवटी देवळात असते तशी दर्शनबारी लावली: सेकंदाला इतकीच नवी कनेक्शन, बाकीच्यांनी रांगेत थांबा. आता क्लायंटनेही परत येताना प्रत्येक वेळी वेगवेगळा वेळ थांबून यावं, हे खरं. पण क्लायंट दुसऱ्या कोणीतरी लिहिलेला असतो आणि त्या दुसऱ्या कोणीतरी हे वाचलेलं नसतं.

हळू वाचणाराही असाच घातक. गावाकडे टूजीवर असलेला फोन मोठ्या खोलीत बसतो. मेसेज सेकंदाला वीस येतात, तो पाच उचलतो. उरलेले कुठे जातात? तुमच्या मेमरीत. आयआरसीवाल्यांनी यावर फार पूर्वी उपाय केला: प्रत्येकाच्या पाठवायच्या रांगेला मर्यादा घालायची, ती ओलांडली की 'मॅक्स सेंडक्यू एक्सीडेड' म्हणत कनेक्शन तोडायचं. निष्ठुर वाटतं, पण एका फोनसाठी बाकी सगळ्यांचा सर्व्हर बुडवण्यापेक्षा बरं. वर सांगितलेल्या उधारीच्या वहीलाही हीच मर्यादा लागते. आम्ही ती पहिल्या रिलीजमध्ये विसरलो होतो.

बाकी, लाखाची चिंता करू नका. पहिल्या वर्षी चाळीस जण मिळाले तरी पेढे वाटा.

मराठी माणसाने असला सर्व्हर लिहावा याला मला एक अगदी तांत्रिक कारण दिसतं. इंग्रजीतून चाचणी करणाऱ्याला ज्या चुका जन्मात दिसत नाहीत, त्या आपल्याला पहिल्या दिवशी दिसतात. आयआरसीची एक ओळ, ओळ संपल्याच्या दोन खुणा धरून, ५१२ बाइटांची. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं. 'क्षि' हे आपल्या दृष्टीने एक अक्षर. आत क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट. भोळा सर्व्हर ५१२ व्या बाइटवर सुरी चालवतो, ती बहुतेकदा चिन्हाच्या मधोमध पडते आणि पलीकडे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटतं. चिन्हाची सीमा बघून कापलं, तरी अक्षर इकडे आणि त्याची वेलांटी पुढच्या ओळीत एकटी, असं होतंच.

नावांची गंमत याहून मोठी. 'ऱ' युनिकोडमध्ये एकसंधही लिहिता येतो आणि र-खाली नुक्ता देऊनही. दिसायला दोन्ही सारखे. सर्व्हरने दोन्हींना एकाच रूपात आणलं नाही, तर 'कऱ्हाडकर' नावाच्या दोन खोल्या तयार होतात, निम्मं गाव एकीत आणि निम्मं दुसरीत, आणि दोन्हीकडचे विचारतात की आज कोणीच कसं नाही. तिसरा प्रकार जुन्या कीबोर्डांचा: र, हलन्त आणि मग न दिसणारा जोडक. एक्सएमपीपीच्या जुन्या नियमांत नाव तपासताना हा जोडक गाळून टाकला जायचा, म्हणजे आपला कऱ्हाड तिथे पोचेपर्यंत डोक्यावर रफार घेऊन 'कर्हाड' झालेला असायचा. २०१५ च्या आरएफसी ७६२२ पासूनच्या नव्या नियमांत हलन्तानंतरचा जोडक चालतो. आता जुन्या नियमांचा सर्व्हर आणि नव्या नियमांचा सर्व्हर एकमेकांशी बोलू लागले की काय होईल, याचा तुम्हीच विचार करा. आमच्याकडे यावर एक इश्यू, म्हणजे तक्रारीची नोंद, सहा वर्षं उघडा होता. डेटाबेसचंही तसंच. मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ८' नावाने जे मिळायचं त्यात एका चिन्हाला तीनच बाइट मिळत. देवनागरी त्यात चपखल बसायची, म्हणून आपण निर्धास्त. मग कोणीतरी इमोजी टाकला, तो चार बाइटांचा, आणि मेसेज तिथून पुढे कापला गेला किंवा साठवलाच गेला नाही. मोडी लिपीही युनिकोडमध्ये २०१४ मध्ये आली ती चार बाइटांच्या पट्ट्यात. चाचणीसाठी मोडीतली एक ओळ कायम जवळ ठेवा, फार कामाची आहे.

काही गोष्टी स्वतः अजिबात लिहू नयेत: टीएलएस, पासवर्डची तपासणी आणि एक्सएमएलचा (एक्सएमपीपीचे मेसेज ज्या साच्यात येतात त्याचा) उलगडा करणारा पार्सर. पासवर्डसाठी स्क्रॅम नावाची पद्धत आहे, तयार लायब्ररी घ्या. पार्सर तयार घेतलात तरी आकाराच्या मर्यादा मात्र तुम्हीच घालायच्या, आणि लॉगिन होण्यापूर्वी त्या आणखी कडक ठेवायच्या. एप्रिल २०१४ मध्ये बऱ्याच एक्सएमपीपी सर्व्हरांमध्ये एकच भोक एकदम सापडलं होतं: कनेक्शनवर कॉम्प्रेशन चालू करून हल्लेखोर काही किलोबाइट पाठवायचा, सर्व्हर ते उलगडायचा आणि आत निघायचे कित्येक मेगाबाइट. मर्यादा होती, पण ती दाबलेल्या मालावर मोजली जात होती. कोठारात पोतं मोजून घेतलं, आतलं धान्य नाही. आम्हीही त्या यादीत होतो आणि तो शनिवार-रविवार कोणी झोपलं नाही.

लिहिणं वेगळं आणि चालवणं वेगळं, हे चौघांत नीट ठरवून घ्या. कोड प्रसिद्ध केला की तुम्ही लेखक. त्याच कोडवर लोकांसाठी सर्व्हर उघडलात की तुम्ही मध्यस्थ, आणि मग तुमच्यामागे कायदे येतात. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सायबर घटनेची खबर सहा तासांत देणं आणि १८० दिवसांचे लॉग जपणं आलं. मे २०२३ मध्ये भारत सरकारने १४ मेसेजिंग अ‍ॅप बंद केल्याची बातमी आली, त्यांत एलिमेंट आणि ब्रायरसारखी ओपन सोर्सही होती. घाबरवत नाही, फ्री सॉफ्टवेअर कम्युनिटी ऑफ इंडियाच्या स्वयंसेवकांनी 'पॉडरी' नावाने अशा सेवा वर्षानुवर्षं चालवल्या आहेत, त्यांच्यासारख्यांशी बोलून मग उतरा. आणि खातं उघडण्याचं दार तुमच्या सर्व्हरमध्ये मुळात बंद ठेवा, ज्याला हवं त्याने उघडावं. आम्ही सुरुवातीला ते उघडं ठेवलं होतं. आमचा सर्व्हर हौसेने बसवून विसरून गेलेल्या लोकांच्या मशीनवर स्पॅमवाल्यांनी हजारोंनी खाती काढली, आणि शिव्या आम्हाला बसल्या.

दुसऱ्यांच्या सर्व्हरांशी जोडणी हा एक्सएमपीपीचा जीव. त्यातही एक धडा आहे. गूगल टॉक २००५ मध्ये आलं, २००६ मध्ये त्यांनी इतर सर्व्हरांशी जोडणी सुरू केली, आणि आमच्यासारख्या लहान सर्व्हरच्या माणसांना एका रात्रीत जीमेलवरचे सगळे नातेवाईक मिळाले. मे २०१३ मध्ये त्याच्या जागी हँगआउट्स आलं, त्यात ही जोडणी नव्हती. मोठ्या शेजाऱ्याच्या विहिरीवर आपली बाग लावू नये, हे मला तेव्हा कळलं.

आता माणसं. त्याआधी एक कागद बघा: तुमचं नोकरीचं करारपत्र. नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा कॉपीराइट १९५७ च्या कायद्याच्या कलम १७ नुसार, वेगळं ठरलं नसेल तर, मालकाचा असतो. आणि आयटीतली बरीच करारपत्रं त्याही पुढे जाऊन मोकळ्या वेळातल्या कामावर हक्क सांगतात. मॅनेजरच्या 'अरे कर की'वर जाऊ नका, एचआरकडून ईमेलवर लेखी परवानगी घ्या. ऑफिसचा लॅपटॉप या कामाला वापरू नका. आमचा एक चांगला सोबती नव्या कंपनीत गेला आणि तिथल्या वकिलांनी त्याला थांबवलं. त्याने अर्धवट सोडलेलं काम उचलावं की नव्याने लिहावं, यात आमचं अख्खं वर्ष गेलं. लायसन्सही पहिल्या दिवशीच ठरवा. एमआयटी घेतलंत तर कोणीही तुमचा कोड बंद दुकानात नेऊ शकतो, जीपीएलमध्ये कोड पुढे वाटताना खुला ठेवावा लागतो, एजीपीएलमध्ये बदललेला कोड नुसता सर्व्हरवर चालवला तरी वापरणाऱ्यांना तो द्यावा लागतो. मॅट्रिक्सचा सिनॅप्स हा सर्व्हर २०२३ च्या अखेरीस अपाची लायसन्स सोडून एजीपीएलकडे गेला. पन्नास जणांचा कोड आत आल्यावर लायसन्स बदलायचं तर पन्नास जणांना शोधत फिरावं लागतं.

मग किल्ल्या. आमच्या प्रकल्पाचं डोमेन ज्याच्या नावावर होतं त्याचं लग्न झालं, तो परदेशी गेला, जुना ईमेल बंद केला. नूतनीकरणाची पत्रं त्या बंद पेटीत पडत राहिली. एका सकाळी डाउनलोडच्या पानावर लॉटरीची जाहिरात. त्याचा दोष नाही. सगळ्या किल्ल्या एकाच्या खिशात ठेवल्या हा आमचा दोष. डोमेन, रिलीजवर सही करायची डिजिटल किल्ली, कोडच्या रेपोचे हक्क, प्रत्येकाला किमान दोन धनी हवेत. मे २०२१ मध्ये फ्रीनोड या आयआरसीच्या नेटवर्कवर मालकीचा वाद पेटला तेव्हा तिथे रात्रंदिवस राबणाऱ्या स्वयंसेवकांना एकगठ्ठा बाहेर पडून लिबेरा चॅट नव्याने उभं करावं लागलं. राबणारे हात त्यांचे होते, डोमेन त्यांच्या हातात नव्हतं.

माणसं मिळवण्यासाठी जाहिरात करू नका. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्स मोहिमेच्या टी-शर्टपायी रीडमी फाइलीत एखादा शब्द घुसडणाऱ्या पुल रिक्वेस्टचा, म्हणजे 'माझा बदल घ्या' अशा विनंत्यांचा, जो पूर आला, त्यात आपल्याकडच्या मुलांचा वाटा मोठा होता हे मान्य करायला हवं. आमच्याकडे एका आठवड्यात आलेल्या रिक्वेस्टमधली एकही घेण्याजोगी नव्हती, आणि प्रत्येक बंद करायला दोन मिनिटं लागत होती. कामाची माणसं तक्रारीच्या वाटेने येतात. वर सांगितलेल्या डोंबिवलीच्या गृहस्थांनी आजवर कोडची एक ओळ लिहिलेली नाही. बँकेतून निवृत्त झालेत. पण प्रत्येक रिलीजच्या आधी ते चार फोनांवर आमचा सर्व्हर वापरून बघतात आणि तारीख-वेळेसह वहीत लिहून फोटो पाठवतात. त्यांच्यासारखा एक माणूस मला दहा प्रोग्रॅमरांच्या बदल्यातही द्यायचा नाही. कोणी चांगली तक्रार लिहिली तर त्याच दिवशी उत्तर द्या, दुरुस्ती भले दोन महिन्यांनी करा.

एवढी सावधगिरी मात्र ठेवा: जो फारच मदत करायला लागतो आणि लवकर हक्क मागतो, त्याला थांबवून बघा. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कोडमध्ये चोरदार सापडलं ते असंच बसवलेलं होतं. एकटा, थकलेला मेंटेनर (कोड सांभाळणारा), त्याच्यावर 'रिलीज का होत नाही' म्हणून दबाव, आणि मदतीला धावून आलेला एक सज्जन. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून ते उघडकीला आलं. थकवा हा सुरक्षेचा प्रश्न आहे, हे त्या दिवसापासून मी कोणाला पटवत बसत नाही. आमच्यात आता एक साधी रीत आहे: ज्याला थांबायचं असेल त्याने आमच्या ईमेल-यादीवर एक ओळ टाकायची, 'दिवाळीपर्यंत नाही'. कारण विचारायचं नाही. न सांगता गायब होणाऱ्यामुळे जेवढी कामं अडली, तेवढी सांगून गेलेल्यामुळे कधीच अडली नाहीत. फोनचं आणि माणसाचं दुखणं यात एकच.

किती महिने, हे राहिलं. माणशी आठवड्याला चार तास खरोखर मिळतील असं धरा; आठ म्हणत असाल तर चारच मिळतील. पहिल्या महिन्यात दोन क्लायंट एकमेकांशी बोलतील आणि तुम्हाला वाटेल, झालंच. तुम्ही चौघं स्वतः रोज वापराल अशा अवस्थेला सहा-आठ महिने. अनोळखी माणसाच्या हातात लाज न वाटता देता येईल इथवर दोन वर्षं. तोवर चौघांतले दोघे राहिलेले असतील, आणि तिसरा असा कोणी आलेला असेल ज्याला तुम्ही आज ओळखतही नाही.

सुरुवात या शनिवारी अशी करा. एका भाड्याच्या छोट्या मशीनवर प्रॉसडी बसवा, दोन फोन जोडा. एकाची पॅकेटं सर्व्हरच्या फायरवॉलने दीड मिनिट मुकाट गिळायला लावा. एअरप्लेन मोड नको, त्यात फोनला नेट गेल्याचं लगेच कळतं आणि चाचणी सोपी होऊन बसते. त्या दीड मिनिटात दुसऱ्या फोनवरून एक ते दहा आकडे दहा मेसेजमध्ये पाठवा. फायरवॉल काढा आणि पलीकडे किती आले, कोणत्या क्रमाने आले, एखादा दोनदा आला का, ते लिहून ठेवा. मग स्ट्रीम मॅनेजमेंटचं मॉड्यूल बंद करून तेच पुन्हा करा. तुमचा सर्व्हर लिहून होईल तेव्हा त्याची पहिली परीक्षा हीच. आमच्या चाचण्यांच्या फोल्डरमध्ये त्या फाइलचं नाव अजून 'पारसिक' आहे.